घातक रसायनं, त्यांचा हिशेब आणि त्यांचे फॉर्म : टीटीसी, ठाणे, तळोजातल्या युनिटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की माझा फोन तापतो. रबाळे, महापे, पावणे म्हणजे टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा), वागळे इस्टेट, कुठूनही फोन येतो आणि प्रश्न तेच तेच असतात, फक्त माणूस बदलतो. गेली बरीच वर्षं छोट्या युनिटांचे कागद करून देतोय, त्यामुळे म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. आधी एक सांगतो, फॉर्म भरणं अवघड नाहीये, खरा आकडा माहीत नसणं ही अडचण आहे. स्टॉक रजिस्टर नीट असेल तर अर्ध्या दिवसाचं काम, नसेल तर देवच वाली.

१. आमचा रबाळेला छोटा गाळा आहे, सगळी मिळून १४ माणसं. आम्हाला हे लागू होतं का?

माणसं किती यावर फक्त कारखान्याचा कायदा ठरतो, रसायनाचे नियम ठरत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात पॉवर वापरणारं युनिट असेल तर २० कामगार आणि पॉवर नसेल तर ४० असा हिशेब आहे, आणि कॉन्ट्रॅक्टवरची माणसं त्यात धरायची. ती मोजायचीच नाहीत असं बऱ्याच मालकांना वाटतं, ते चूक. शिवाय काम धोक्याचं असेल तर माणसं कमी असली तरी सरकार अशा युनिटला कायद्याखाली आणू शकतं, त्यामुळे १४ म्हणून निवांत बसू नका.

रसायनाच्या नियमात बघतात ते दोनच गोष्टी, नाव आणि साठा. आणि घातक कचऱ्याच्या नियमात तर खालची मर्यादाच नाही, प्रदूषण मंडळाची संमती (कन्सेंट) लागणारं युनिट असेल तर वर्षाला ऑइलचा एक ड्रम निघाला तरी ऑथरायझेशन, म्हणजे कचऱ्यासाठीची मंडळाची परवानगी, लागतं.

२. घातक रसायन म्हणजे नक्की कोणतं? आमच्याकडे ॲसिड आहे आणि थिनर आहे बस.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ चे घातक रसायनांचे नियम, ज्यांना सगळे एमएसआयएचसी म्हणतात. त्याच्या पहिल्या परिशिष्टात दोन भाग आहेत. एका भागात कसोट्या, म्हणजे किती विषारी, किती ज्वालाग्राही, स्फोट होतो का वगैरे, आणि दुसऱ्या भागात ६८४ नावांची यादी. यादीत नाव नाही म्हणजे सुटलो असं नाही, कसोटीत बसलं तरी ते घातकच.

ॲसिड आणि थिनर 'बस' म्हणण्यासारखे नाहीयेत हो. थिनरच्या डब्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे बनवणाऱ्याने दिलेलं धोक्यांचं माहितीपत्रक, काढा, नववा मुद्दा वाचा, तिथे फ्लॅश पॉइंट असतो, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते. बहुतेक थिनरचा तो २३ अंशांच्या खाली असतो, म्हणजे मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची वाफ ठिणगीचीच वाट बघत असते. शीट नसेल तर प्रश्न ९ बघा.

३. किती साठा असला की कळवावं लागतं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक रसायनाला दोन मर्यादा असतात, खालची आणि वरची. खालची गाठली की साइटची सूचना द्यायची, आणि तीसुद्धा काम सुरू करायच्या किमान तीन महिने आधी. सोबत कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडाही करायचा. वरची मर्यादा गाठली की त्यावर सेफ्टी रिपोर्ट येतो, तो ९० दिवस आधी, आणि मग दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून सेफ्टी ऑडिट.

उदाहरण क्लोरीनचं घ्या. खालची मर्यादा १० टन, वरची २५ टन. क्लोरीनचा टनर, म्हणजे मोठं सिलिंडर, साधारण ९०० किलोचा येतो. अकरा टनर उभे असतील तर ९.९ टन, तुम्ही मर्यादेच्या आत. बारावा टनर गेटमधून आत आला की १०.८, आणि तुमचं युनिट त्या क्षणी मोठ्या अपघाताच्या धोक्याचं युनिट झालं. उलट भोपाळच्या टाकीत जो मिथाइल आयसोसायनेट होता त्याची मर्यादा फक्त १५० किलो आहे. म्हणून 'आमचा माल थोडाच आहे' या वाक्याला अर्थ नाही, कोणता माल ते आधी सांगा.

आता मोजायचं कसं. महिन्याची खरेदी नाही मोजायची, वर्षाची सरासरीही नाही. एखाद्या दिवशी जास्तीत जास्त किती माल आवारात असू शकतो तो आकडा. आपल्याकडे दिवाळीच्या आधी सप्लायर आठ दिवस बंद राहणार म्हणून सगळे दुप्पट माल भरून ठेवतात ना, तोच तुमचा आकडा. खंडेनवमीला मशीनची पूजा करता तेव्हा गोडाऊनवरही एक नजर टाका, वर्षातला सगळ्यात भरलेला स्टॉक त्याच सुमारास दिसतो.

४. आमचे दोन गाळे आहेत, मध्ये दोन प्लॉट दुसऱ्याचे. साठा वेगवेगळा धरला तर दोन्हीकडे मर्यादेच्या खाली राहतो, चालेल का?

नाही चालणार. ताबा एकाचाच असेल आणि दोन जागांमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर साठा एकत्र धरतात. हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी एकदम हळू आवाजात विचारतो, जणू काही युक्ती सापडलीय. नियम लिहिणाऱ्यांनाही ती सुचली होती.

माल दुसऱ्या कंपनीच्या नावावर, पण कंपनी घरातलीच, असं असेल तर कागदावर नाव कोणाचं यापेक्षा प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे बघितलं जातं.

५. एकच माहिती इतक्या ऑफिसांना का द्यायची? कोण कोण आहे?

कारण प्रत्येकाचं लक्ष वेगळ्या गोष्टीवर असतं. कामगाराच्या जिवाचं आणि कारखान्यातल्या साठ्याचं बघतं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला आपण डिश म्हणतो. कन्सेंट, सांडपाणी, घातक कचरा हे एमपीसीबीचं, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. पेट्रोलियम, गॅस सिलिंडर, प्रेशर टाक्या हे पेसोकडे (केंद्राची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्था), त्यांचं मुख्यालय नागपूरला असलं तरी आपल्यासाठीचं ऑफिस सीबीडी बेलापूरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे. कारखान्याच्या बाहेरच्या लोकांसाठीचा आराखडा कलेक्टरकडे असतो, जिल्ह्याच्या क्रायसिस ग्रुपचे अध्यक्षही तेच.

टीटीसीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. एमआयडीसीच्या हद्दीत फायरची एनओसी एमआयडीसीच्या अग्निशमनकडून येते, महापालिकेकडून नाही. आणि आग विझवायची यंत्रणा चालू आहे याचं फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. एमआयडीसीच्या बाहेर, म्हणजे ठाण्यात किंवा वाशीत गावठाणात केमिकलचं दुकान किंवा गोडाऊन असेल तर महापालिकेचं कलम ३७६ चं साठा लायसन्स लागतं.

सगळीकडे एकच आकडा जायला पाहिजे. मी बघितलेल्या बहुतेक नोटिसा रसायन लपवलं म्हणून आलेल्या नाहीत, डिशला दिलेला आकडा आणि एमपीसीबीला दिलेला आकडा जुळला नाही म्हणून आल्या. एका युनिटने तर कन्सेंटमध्ये सॉल्व्हंट टनात लिहिलं आणि दुसरीकडे किलोलिटरमध्ये, घनता धरायची विसरले, आणि वर्षभर पत्रव्यवहार चालला.

६. आमचा पत्ता नवी मुंबईचा आहे पण युनिट तळोज्याला. ठाण्याला कळवायचं का?

नाही. तळोजा एमआयडीसी रायगड जिल्ह्यात येते, त्यामुळे कलेक्टर अलिबागचे. दिघा ते नेरूळ हा ठाणे-बेलापूर पट्टा, म्हणजे टीटीसी, ठाणे जिल्ह्यात. लेटरहेडवर 'नवी मुंबई' लिहिलं म्हणून जिल्हा बदलत नाही. महापालिकासुद्धा वेगळी, तळोज्याला पनवेल महापालिका.

७. फॉर्म ४ आणि फॉर्म ५ एकच ना?

नाही हो, आणि दोघांच्या तारखाही वेगळ्या. फॉर्म ४ म्हणजे घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, २०१६ च्या नियमांखालचं, ३० जूनपर्यंत. त्यात मार्चअखेर संपलेल्या वर्षात किती कचरा तयार झाला, किती पाठवला, किती शिल्लक. फॉर्म ५ म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, ३० सप्टेंबरपर्यंत, त्यात पाणी, कच्चा माल, प्रदूषण, कचरा सगळं येतं. दोन्हीत कचऱ्याचा आकडा आहे आणि तो जुळायला पाहिजे, प्रश्न ५ मध्ये म्हटलं तेच.

फॉर्म ४ भरायचा तर फॉर्म ३ लागतो, म्हणजे रोजची नोंद. जूनमध्ये बसून वर्षभराचा फॉर्म ३ एका पेनाने, एका हस्ताक्षरात लिहिणारे महाभाग मी बघितलेत. ऑफिसरलाही कळतं ते, तोही माणूस आहे.

८. यंदा काहीच कचरा पाठवला नाही. मग फॉर्म ४ भरायचाच नाही का?

भरायचा. पाठवला नाही म्हणजे तयार झाला नाही असं थोडीच आहे. खरंच शून्य असेल तर शून्य लिहा. पण ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालू आहे आणि स्लज, म्हणजे त्यातला गाळ, शून्य, असं लिहिलं तर पुढच्या भेटीत ईटीपीच बघायला येतील.

९. सप्लायर सेफ्टी डेटा शीट देत नाही. नेटवरून काढली तर चालेल?

त्याच रसायनाची, त्याच ग्रेडची असेल तर स्वतःच्या माहितीपुरती ठीक आहे. पण मिक्स्चर असेल, म्हणजे थिनर, क्लीनर, ॲधेसिव्ह, तर बनवणाऱ्याचीच पाहिजे, कारण आत काय टाकलंय ते त्यालाच माहीत. मागायचा तुम्हाला हक्क आहे, पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ टाका की शीट नाही तर बिल पास नाही. आठवड्यात येते बघा, माझा अनुभव आहे.

आणि ती शीट ऑफिसच्या फाइलमध्ये नको, जिथे ड्रम उघडतात तिथे पाहिजे. इंग्रजी सोळा मुद्दे कोण वाचणार, म्हणून पहिली मदत, कोणते ग्लोव्ह, आग लागली तर पाणी मारायचं की नाही एवढं मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लावा. कामगारांना माहिती, ट्रेनिंग, साधनं आणि लागत असेल तर विषावरचा उतारासुद्धा जागेवर ठेवायचा, हे नियमातच आहे.

१०. टोल्युइनचे दोनच ड्रम असतात. त्याला पेसोचं लायसन्स कशाला?

कारण टोल्युइन पेट्रोलियमच्या क्लास ए मध्ये येतो, फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली. क्लास ए विकायला नसेल, स्वतःच्या वापराचा असेल, तर लायसन्सशिवाय फक्त ३० लिटर ठेवता येतो. तुमचा एक ड्रम २०० लिटरचा. क्लास बी मध्ये, म्हणजे डिझेल वगैरे, २५०० लिटरपर्यंत सूट आहे पण एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. हे २५०० डोक्यात ठेवून लोक थिनरचे ड्रम रचतात, तिथे फसतात. थिनरमध्ये हायड्रोकार्बन असेल तर तोही पेट्रोलियमच धरला जातो.

११. रिकामे ड्रम भंगारवाल्याला दिले तर काय बिघडलं? रिकामेच आहेत ना.

रिकामा ड्रम कधी पूर्ण रिकामा नसतो. घातक रसायन लागलेले ड्रम, पिंप, लायनर हे कचऱ्याच्या यादीत ३३.१ नंबरला आहेत. ते परवानगी असलेल्या रीसायकलरलाच द्यायचे, मॅनिफेस्ट (कचरा पाठवतानाचा वाहतुकीचा कागद) करून, किंवा ऑथरायझेशनमध्ये तसं लिहिलेलं असेल तर धुऊन, आणि ते धुण्याचं पाणी ईटीपीत.

ह्यावर मी जरा चिडूनच लिहितो कारण माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. उन्हाळ्यात टँकरची वेळ आली की वस्तीत जे निळे पिंप लायनीत उभे असतात ना, ते कुठून आलेत हे कोणी विचारत नाही. एकदा एका घराबाहेरच्या पिंपावर मला लेबलचा अर्धा फाटका तुकडा दिसला, कवटीचं चित्र शाबूत होतं, आणि बाई त्यातूनच हंडा भरत होती. भंगारवाल्याने दोनशे-तीनशे रुपये जास्त दिले म्हणून तो पिंप तिथे पोचला होता. द्यायचेच झाले तर निदान तळाला भोक पाडून द्या, ही मी नियमाबाहेरची पण सगळ्यांना सांगतो ती गोष्ट.

१२. कचरा ९० दिवसांत उचलायचा म्हणतात, पण आमचा तेवढ्यात अर्धा टेम्पोसुद्धा भरत नाही.

वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्यांना बोर्ड १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. टीटीसीवाल्यांचा माल महापेच्या कचरा विल्हेवाटीच्या साइटला जातो, बरेच जण तळोज्याच्या साइटचे मेंबर आहेत. शेजारच्या दोन-तीन युनिटांनी एकाच दिवशी गाडी बोलावली तर भाडं वाटून घेता येतं, फक्त मॅनिफेस्ट प्रत्येकाचा वेगळा. दुसऱ्याचा कचरा आपल्या मॅनिफेस्टवर टाकायचा नाही, अगदी भाऊ असला तरी.

१३. हॉटेल आहे, गॅसचे सिलिंडर आहेत. गॅरेजवाल्या मित्रालाही विचारायचंय.

एलपीजी एका वेळी १०० किलोपर्यंत लायसन्सशिवाय ठेवता येतो. १९ किलोचे पाच भरलेले म्हणजे ९५, सहावा आणला की ओलांडलं. गॅरेजचं जुनं ऑइल हा घातक कचरा आहे, तो नोंदणी असलेल्या रीसायकलरकडे, नाल्यात नाही आणि शटरिंगवाल्यालाही नाही. ऑइलाने माखलेली चिंधीसुद्धा यादीत आहे. ऑथरायझेशनचं प्रश्न १ मध्ये आलंय.

१४. भिवंडीला भाड्याच्या गोडाऊनमध्ये फक्त माल ठेवतो, काही बनवत नाही. मग जबाबदारी गोडाऊन मालकाची ना?

नुसत्या साठवणुकीसाठी वेगळं परिशिष्ट आहे, दुसरं. काहीही बनवत नसलात तरी त्यातली मर्यादा गाठली की सूचना, आराखडा सगळं लागू. जबाबदार तो, ज्याचा त्या जागेच्या कारभारावर ताबा आहे. तुम्ही चावी ठेवता, तुमचा माणूस माल आतबाहेर करतो, तर ते तुम्हीच. भाडेकरारात कोणता माल ठेवणार ते स्पष्ट लिहा, 'जनरल गुड्स' लिहून आत पेरॉक्साइड ठेवलं तर आगीनंतर विमा कंपनी पहिला तोच कागद काढते.

१५. आम्ही फॉर्म्युला सांगितला तर स्पर्धकाला कळेल. सांगायचाच का?

फॉर्म्युला कोणी मागत नाही. कोणतं घातक रसायन, किती, कुठे ठेवलंय, एवढंच मागतात, आणि ते गुपित म्हणून दडवता येत नाही. अधिकाऱ्याने ती माहिती तपासायला दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवली तरी त्या माणसाला ती दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, असं नियमातच आहे.

१६. गळती झाली किंवा आग लागली तर पहिला फोन कोणाला?

पहिला फोन अग्निशमनला. कन्सल्टंटला नको, मला तर अजिबात नको. एमआयडीसीच्या फायर स्टेशनचा नंबर गेटवर रंगवून ठेवा, नाहीतर १०१ किंवा ११२. फोनवर रसायनाचं नाव सांगा, नुसतं 'केमिकल' सांगू नका, कारण पाणी आणायचं की फोम हे त्यावर ठरतं. मग शेजारचं युनिट, आणि वारा कुठल्या बाजूला वाहतोय ते बघून तिकडची माणसं आधी हलवा.

कागद नंतर. मोठा अपघात असेल तर ४८ तासांच्या आत लेखी कळवायचं. घातक कचऱ्याशी संबंधित असेल तर फॉर्म ११ एमपीसीबीला. मोठा अपघात म्हणजे माणूस दगावलाच पाहिजे असं नाही. आत दहा किंवा जास्त जण जखमी झाले, बाहेरचा एक जरी जखमी झाला, किंवा गळतीने, आगीने आणीबाणी आली, तरी तो मोठाच धरतात.

आपल्याच जिल्ह्यात डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि परत २३ मे २०२४ ला स्फोट झाले. लांबलांबच्या इमारतींच्या काचा गेल्या होत्या. तेव्हापासून फोन करून 'शेजारच्या प्लॉटमध्ये काय आहे हे कुठे कळेल' असं रहिवासीही विचारायला लागलेत. खरी बाब अशी की ज्या युनिटला आपत्कालीन आराखडा लागू आहे त्याने आजूबाजूच्या लोकांना धोका काय आणि काय करायचं ते सांगणं बंधनकारक आहे. विचारा, हक्काने विचारा.

१७. मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी करायचीच का? काम थांबतं.

आराखडा लागू असेल तर करायचीच, आणि रिपोर्ट ठेवायचा. रात्रपाळीत एकदा करून बघा. दिवसा सगळे हुशार असतात, खरी गंमत रात्री अडीचला कळते, मागच्या गेटची चावी कोणाकडे आहे तेच कोणाला माहीत नसतं.

१८. ॲसेटिक ॲनहायड्राइड थोडं वापरतो, त्याचं काही वेगळं आहे का?

आहे. त्यातून अमली पदार्थ बनवता येतात म्हणून नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी आणि तिमाही विवरण लागतं. वर सांगितलेलं सगळं आहेच, हे त्याच्याशिवाय. कॅनमधलं एक लिटर कमी भरलं तरी खुलासा द्यावा लागू शकतो, त्यामुळे ह्याचं रजिस्टर कुलपात.

१९. नाही कळवलं तर जेल होते का? कोणी म्हणतं आता फक्त दंड आहे.

पर्यावरण संरक्षण कायद्यापुरतं ते खरं आहे. जनविश्वास कायद्याने कलम १५ बदललं, १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आला आणि उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला १० हजार. पण माणूस जखमी झाला किंवा गेला तर फौजदारी वेगळी चालते, आणि कामगार सुरक्षेचा कायदा वेगळा.

पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सही विसरू नका, १९९१ चा कायदा आहे. त्यात बाहेरच्या माणसाला नुकसान झालं तर चूक कोणाची हे सिद्ध व्हायची वाट न बघता आधी मदत द्यावी लागते. पॉलिसीची तारीख उलटली की आठवण करून द्यायला कोणी येत नाही, ती फॉर्म ४ च्याच फाइलला लावून ठेवा म्हणजे जूनमध्ये एकदा तरी नजरेस पडेल.

२०. मागच्या तीन वर्षांचे फॉर्म भरलेच नाहीत. आता गपचूप यंदापासून सुरू करू का?

गपचूप नको. मागचे आकडे खरेदीच्या बिलांवरून आणि मॅनिफेस्टवरून काढा, उशिरा का होईना भरा आणि सोबत एक साधं पत्र द्या की राहिले होते. आकडे मनाने भरू नका, कारण कचरा ज्या साइटला गेला तिच्या विवरणात तुमचं नाव आणि वजन आधीच गेलेलं असतं. बिलं सापडत नसतील तर सप्लायरकडून लेजर मागवा, जीएसटीमुळे आता त्याच्याकडे सगळं असतं.